तांबजाईची टाळी

१

पेटी उघडली तेव्हा तिच्यात भाताचं तूस होतं, तुटकी सुतळी होती आणि लाखेचा लाल चुरा होता. बाटली मात्र एकही नव्हती.

"सात होत्या," वरच्या कचेरीतून चौकशीला आलेले साहेब म्हणाले. "रबरी बुचाच्या, रिकाम्या. तळाशी थेंबभर औषध राहिलेलं, ते मुंबईला तपासायला जायचं होतं. आता काय पाठवू? तूस?"

नानासो शिरस्तेदारांनी तुसात बोटं फिरवली आणि हात हळूच बाहेर घेतला. सांगली संस्थानच्या कोर्टात तीस वर्षं लोकांच्या जबान्या लिहून त्यांचे केस पिकले होते. पेन्शनीत आल्यापासून नाद एकच, कीर्तनाचा. पाच कोसांत कुठं सप्ताह बसला की नानासो उपरणं खांद्यावर टाकून निघालेच. बरोबर एक वही. कुठल्या गावी, कुठल्या बुवांचं, रंगलं की पडलं, सगळं त्या वहीत तारीखवार. मंडळी हयात असताना म्हणायची, "इतकं तर पांडुरंगाच्याही ध्यानात राहत नसेल."

सन १९४६ चा भादवा होता. मुंबईत लोकांचं सरकार बसून पाच महिने झाले होते, आणि आता जाब विचारता येईल असं लोक चावडीवर उघड बोलू लागले होते. विचारण्याजोगं घडलंही होतं. कृष्णाकाठच्या तांबजाईत श्रावणात पटकी शिरली आणि नऊ दिवसांत एकतीस माणसं घेऊन गेली. पटकी काही नवी नव्हती. नवं होतं ते हे, की त्यातल्या एकोणतीस जणांनी आठच दिवस आधी पटकीची लस टोचून घेतली होती. रजिस्टरात त्यांचे अंगठे होते.

गावानं बोंब मारली. सरकारनं हुकूम काढला, की चौकशी एक अधिकारी आणि एक बिनसरकारी माणूस यांनी मिळून करावी आणि अहवालावर दोघांच्याही सह्या असाव्यात. बिनसरकारी म्हणून नानासोंचं नाव निघालं. म्हातारा कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं बहुधा कुणाला वाटलं असावं.

"सरळ आहे, नानासाहेब," साहेब रुमालानं हात पुसत म्हणाले. "टोचणाऱ्या नाथाजीनं खरं औषध बाहेर विकलं आणि गावाला पाणी टोचलं. शुक्रवारी पेटीला लाख लागली, शनिवारी तो बॅग परत द्यायच्या निमित्तानं दवाखान्यात आला, रविवारी पोलिसांनी धरला. बाटल्या त्यानंच नेल्या. चार दिवस आपण कागदच चाळतोय. येत्या सोमवारी सही करा, फाईल बंद."

नानासो दवाखान्याच्या ओसरीवर आले. पायरीवर नाथाजीची बायको चंद्राबाई बसली होती. तिनं पदर पसरला नाही, पाय धरले नाहीत. नुसती वर बघून म्हणाली, "दादा, माझ्या दारात सकाळी कुणी तरी राख टाकून गेलं. एकतीस चिमटी. मोजून टाकली हुती."

२

कच्च्या कैदेत नाथाजी भिंतीला टेकून बसला होता. पखवाज वाजवणाऱ्याची बोटं त्याची. एका जागी ठरत नसत. आज ती मांडीवर मेल्यासारखी पडली होती.

"आवं नानासो, तुमी कशाला आला हितं? लोकं तुमालाबी नावं ठेवतील."

"ठेवू देत. सांग, त्या दिवशी काय झालं?"

"काय हुयाचं? तीस जुलैला डाक्टरांनी सात बाटल्या माझ्या बॅगेत घातल्या. तांबजाईला गेलो. गाव ऐकंना. सुई लावली तर आई कोपंल म्हणाय लागलं. तवा माझी थोरली भन मनू म्होरं आली. तिला तिथंच दिलीया. म्हणली, माझा भाऊ टोचतोय, माझ्यापास्नं सुरू कर. पदर सारला नि दंड म्होरं केला." नाथाजी थांबला. कोपऱ्यातल्या मडक्याकडं बघत राहिला. "मग समदं गाव आलं. मनूच्या जिवावर आलं. आन् सोळाव्या दिशी तिला मीच खांदा दिला."

नानासोंनी उपरणं डोळ्यांना लावलं. मग घसा साफ करून विचारलं, "औषध नेहमीसारखंच वाटलं?"

"मवाळ वाटलं वाईच. आठ दिस आधी नांदगोळीत टोचलं तवा माणसं कशी कळवळली! हितं पोरंबी रडली न्हाईत. म्या म्हणलं, देवाची किरपा." आणि मग त्याही स्थितीत त्याच्या ओठाला किंचित हसू आलं. "तुमी नव्हतं का मागल्या साथीत टोचून घेतलं? दोन दिस फेटा बांधता येईना. मला श्या घालत उघड्या डोक्यानं फिरत हुता."

"घालणारच! माझा दंड हा एवढा सुजला होता."

"त्येच तर. ती खरी लस."

"आणि नांदगोळी? तिथं किती गेले?"

"एकबी न्हाई. नदी तीच, पाणी तेच, वरच्या अंगाला तांबजाई नि खालच्या अंगाला नांदगोळी. टोचणारा मीच." नाथाजीनं गजांना हात लावला. "नानासो, मला फाशी द्या, माझं काय न्हाई. पण दवाखान्यात आता खरी लस येऊन पडलीया. दोन पेट्या. पटकी अजून काठाकाठानं फिरतीया. नि कुठलंबी गाव दंड म्होरं करीत न्हाई. म्हणत्यात, नाथाजीची सुई म्हंजी मरण. माझ्या नावाचा ह्यो डाग ऱ्हायला, तर अजून माणसं जातील. माझ्या नावानं जातील."

नानासो बाहेर आले तेव्हा त्यांना कळून चुकलं होतं, की सोमवारची ती सही एका माणसापुरती नाही.

३

तांबजाईत शिरताना आधी शांतताच अंगावर आली. पितृपंधरवडा असून कावळ्यांना हाका मारायलाही घराघरांतून कुणी बाहेर येत नव्हतं. हरणाबाईच्या दारात दोन फेटे खुंटीला तसेच होते. फेट्यांचे धनी, तिचे दोन्ही लेक, एकाच दिवशी गेले होते.

"बस बाबा," म्हातारी म्हणाली. "च्या न्हाई करत आता. कुणासाठी करायचा?"

"मावशी, टोचल्यावर पोरांना ताप आला होता?"

"न्हाई बा. ताप न्हाई, अंगदुखी न्हाई. उलट पोरं म्हणली, आई, आता सरकारी कवच चढलं. तवर आमी वरच्या झऱ्याचं पाणी उकळून पीत हुतो, नाथाजीनंच शिकवल्यालं. टोचल्यावर कोण एवढी लाकडं जाळतंय? गेलो पुन्ना नदीवर." तिनं जमिनीवर बोटानं एक रेघ ओढली आणि पुसली. "आन् ताप आस्ता तर काला कसा झाला आस्ता? दुसऱ्या दिशीच काल्याचं कीर्तन न्हवतं का! तुमीबी हुता की म्होरं बसलेलं. माझं दोन्ही ल्योक कसं नाचलं, बघितलं न्हवं?"

नानासोंनी बघितलं होतं. सकाळचं ऊन, देवळापुढचं पटांगण, केरबाबुवांचा चढलेला आवाज आणि तीनशे माणसांचे हात डोक्यावर. हंडी फुटताना झालेली ती टाळी पार नदीपलीकडं जाऊन परत आली होती. उभ्या आयुष्यात असलं कीर्तन ऐकलं नव्हतं.

हरणाबाईचे पाय शिवून ते उठले. वाटेवर दोनदा ठेचकाळले. काहीतरी मनात रुतत होतं आणि वर येत नव्हतं.

घरी येऊन त्यांनी वही काढली. जुलैची पानं उघडली.

"२३ जुलै, नांदगोळी. केरबाबुवा. निरूपण उत्तम, पण टाळी नाही. गजराला एक हात वर होईना. लोक मख्ख बसलेले. बुवा नाराज. म्हणाले, असल्या दगडांच्या गावात पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

पान उलटलं.

"३१ जुलै, तांबजाई. काला. केरबाबुवा. काय वर्णावी ती टाळी! एकूण एक हात आभाळात. देव प्रत्यक्ष उतरला."

नानासोंनी दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली. आपोआप त्यांचा उजवा हात डाव्या दंडावर गेला, जिथं कधीकाळी नाथाजीची सुई लागली होती.

नांदगोळी बावीस तारखेला टोचली होती. तांबजाई तीस तारखेला. दोन्हीकडं कीर्तन दुसऱ्याच दिवशी.

जिथं हात उठले नाहीत, ते गाव जगलं. आणि जिथं देव उतरला असं आपण लिहून ठेवलं, तिथं त्या दंडांत औषधच नव्हतं.

वही मिटून ते देवापुढं बसले. आज हात जोडायचीही त्यांना लाज वाटली.

४

पाणी टोचलं गेलं, हे आता पक्कं होतं. साहेबही तेच म्हणत होते. पण पाणी भरणारा नाथाजी असता तर त्यानं पहिली सुई सख्ख्या बहिणीला लावली नसती, आणि लावली असती तरी नंतर तिला नदीचं पाणी पिऊ दिलं नसतं. मग भरलं कुणी? आणि खरं औषध कुठं गेलं?

तालुक्यात कुजबूज होती, की नांदगोळीच्या आदगोंडा पाटलानं औषध पळवलं. हळदीचा मोठा व्यापारी, सांगलीच्या पेठेत गाळा. नानासो पहिल्या सर्व्हिस मोटारीनं सांगलीला गेले.

गाळ्यात हळदीच्या पिवळ्या धुरळ्यात आदगोंडा तक्क्याला टेकून बसले होते. पुढं तांब्यावर पांढरं गाळणं बांधलेलं.

"या शिरस्तेदार. पाणी घ्या. गाळलेलं हाय, उकळलेलंबी हाय. आमच्या जैनांत आधीपास्नंच असतंय."

"पाटील, स्पष्ट विचारतो. नांदगोळी आधी कशी टोचली गेली?"

"वशिल्यानं!" आदगोंडांनी आवाज चढवला. "लाजायचं काय त्यात? माझी लॉरी पुण्याला हळद टाकून रिकामी येत हुती. डाक्टर म्हणाले, औषधाची पेटी येता येता आणा. म्हटलं आणतो, पण आधी माझं गाव. पाप असंल तर माझ्या माथी घाला. पण त्या पेटीत चारशे माणसांचं औषध हुतं, नि आमच्यात तीनशे नव्वद टोचली. माझ्या समोर. एक थेंब हिकडचा तिकडं न्हाई."

"तुमचाही हात दुखला?"

"दुखला? अवो, दोन दिस तागडी उचलवंना! त्या कीर्तनात बुवा आमच्यावर चिडलं, नि आमाला हात वर करता येईना म्हणून सांगायबी लाज वाटली."

नानासोंनी मान हलवली. "मग उरलं दहा माणसांचं. तांबजाईत तर तीनशे जणांना टोचलं. दुसरी पेटी कधी आली?"

आदगोंडा पुढं सरकले. आवाज एकदम खाली आला. "दुसरी पेटी टपालानं यायची हुती. जुलैभर टपालवाल्यांचा संप. माझी सगळी पत्रं अडकलेली. संप मिटला नि नऊ ऑगस्टला माझ्या पत्रांच्याच बरोबर ती पेटी आली. मी डोळ्यांनी बघितली." ते थांबले. "शिरस्तेदार... तांबजाईला टोचलं कवा म्हणालात?"

"तीस जुलैला."

आदगोंडा पुटपुटले, "म्हंजी औषध तालुक्यात नव्हतंच. मी ते माझ्या गावाला वढून नेलं हुतं." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

५

दवाखान्यात कंपाउंडर कृष्णात बाटल्या विसळत होता. तोंडाचा फटकळ, पण नजर कायम जमिनीवर.

"काय कृष्णात, मिठाचं पाणी कधी उकळलं होतंस?"

हातातली बाटली घमेल्यात निसटली. "कुणी सांगितलं तुमाला?"

"आता तू."

कृष्णातनं इकडं तिकडं बघितलं. "माझं नाव घालू नका, शिरस्तेदार. पोरंबाळं हायत. एकोणतीस तारखेला दोन पातेली उकळली. डाक्टर म्हणलं, जखमा धुवायला पायजे. आता त्या हप्त्यात जखमेचा पेशंट एकच, बेरडवाडीचा, गाढवानं लाथ मारल्याला. त्याला धुवायला दोन पातेली? गाढवासकट आंघोळ घातली आसती मी!"

हसू कुणालाच आलं नाही.

"आणि त्या पेटीतल्या सात बाटल्या?"

"त्या मी चोरल्या न्हाईत."

"चोरल्या म्हणालोच नाही."

"कसं सांगू... रविवारी सकाळी घमेल्यात बाटल्या धुवायला पडल्या हुत्या. रोज पडत्यात. त्या दिशी सात जास्ती. रबरी बुचाच्या. मी उकळल्या, भरल्या. पेटी फुटल्याचं नंतर कळलं नि माझी दातखीळच बसली." त्यानं ओल्या हातानं समोर बोट केलं. "त्या बघा की."

खिडकीखालच्या फळीवर पोटदुखीच्या औषधाच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. शेवटच्या सात जाड काचेच्या, बुटक्या. गेला आठवडाभर साहेबांची खुर्ची त्यांच्या समोरच होती.

नानासो त्या ओळीपुढं उभे राहिले. दवाखान्याच्या मागं पन्नास पावलांवर कृष्णामाई दुथडी वाहत होती. चोर असता तर त्यानं सातही बाटल्या नदीत भिरकावल्या असत्या. नाथाजीनं तेच केलं असतं, कुणीही तेच केलं असतं. पुराव्याच्या बाटल्या धुवायला टाकणारा माणूस एकच. ज्यानं बारा वर्षं वर अर्ज करून करून एकेक बाटली मिळवली, ज्याच्या हातून स्वतःचा जीव वाचवायलाही दवाखान्याची बाटली फेकवत नाही, असा माणूस.

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. "या नानासो," आतून आवाज आला. "सगळं ऐकू येतंय मला."

६

डॉक्टर लालासाहेब जगदाळे पन्नाशीचे होते, सत्तरीचे दिसत. एकट्याच्या अंगावर एकसष्ट गावं. टेबलावर थंड झालेला चहा.

"बोला," ते म्हणाले. नानासोंनी सांगितलं. टाळी, पेटी, संप, पातेली, बाटल्या. सावकाश, कोर्टात वाचून दाखवावं तसं. डॉक्टरांनी एकदाही अडवलं नाही.

"पाणी शुद्ध होतं," शेवटी ते म्हणाले. "त्या पाण्यानं कुणी मेलं नाही."

"नाही. ती माणसं भरवशानं मेली, डॉक्टर. झऱ्याचं उकळलेलं पाणी पीत होती, ती तुमच्या भरवशावर नदीवर गेली."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "टोचणी दोनदा असते. पहिली आणि आठ दिवसांनी दुसरी. मी म्हटलं, कागदापुरती पहिली होऊन जाऊ दे, तोवर पेटी येईल, मग खरी देऊ. सहा ऑगस्टला द्यायची होती. पेटी आली नाही. सात तारखेला पहिला माणूस गेला. नाथाजीला सांगितलं असतं तर त्यानं सुईच धरली नसती. म्हणून सांगितलं नाही. नंतर तो अडकला आणि मी गप्प बसलो. ते पाप पहिल्यापेक्षा मोठं. ठाऊक आहे मला."

"पण का? औषध नाही, असं कळवून मोकळं व्हायचं होतं."

डॉक्टरांनी खण उघडला. घडी पडून पडून मऊ झालेला एक कागद पुढं सरकवला.

"कळवलं होतं. हे उत्तर."

नानासोंनी चष्मा पुसून वाचलं. 'साठा अपुरा असल्याची सबब ऐकून घेतली जाणार नाही. एकतीस जुलैच्या आत सर्व गावे पूर्ण झाल्याचा अहवाल या कचेरीस पोचला पाहिजे. न पोचल्यास आपणास सेवेत ठेवण्याची गरज आहे काय, याचा विचार करावा लागेल.'

"टपाल तर बंद होतं. हे आलं कसं?"

"खास शिपाई पाठवून. हुकमाला शिपाई मिळतो, नानासो. औषधाला मिळत नाही."

नानासोंची नजर कागदाच्या तळाशी गेली. लफ्फेदार, उजवीकडं झुकलेली सही. ती त्यांच्या ओळखीची होती. गेला आठवडाभर प्रत्येक जबानीवर ते या सहीच्या शेजारीच आपली सही करत आले होते.

७

साहेबांनी कागद बघितला आणि परत दिला नाही. नुसता टेबलावर उपडा ठेवला.

"हुशार आहात, नानासाहेब. ठीक. नाथाजी आज सुटेल. जगदाळ्यांची लांब कुठं तरी बदली होईल. अहवालात लिहू, औषध वाटेत बिघडलं. नैसर्गिक. पण हे पत्र खात्याचं अंतर्गत आहे, ते अहवालात येणार नाही. नाही म्हणालात, तर चौकशी नव्यानं सुरू. मग नाथाजी दिवाळीपर्यंत आतच."

नानासोंच्या डोळ्यांपुढं चंद्राबाईचं दार आलं. नाथाजीची मेलेली बोटं आली. हो म्हणावं, असं क्षणभर वाटलं. पण औषध वाटेत बिघडतं म्हटल्यावर कोणतं गाव पुन्हा दंड पुढं करणार होतं?

त्यांनी उपडा कागद उचलला आणि शांतपणे वहीत ठेवला. "रविवारी सकाळी तांबजाईत केरबाबुवांचं कीर्तन आहे. गेलेल्यांसाठी. आपण यावं. सही तिथंच, देवासमोर करीन."

म्हातारा नमला, असं साहेबांना वाटलं. ते आले. गावानं त्यांना बुवांसमोर पहिल्या रांगेत घोंगडीवर बसवलं, कपाळाला बुक्का लावला. मागं तीनशेच्या जागी अडीचशेच माणसं. डॉक्टर लालासाहेब सगळ्यात शेवटी, खांबाआड.

नमन झालं. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. "आजचं निरूपण मी करणार न्हाई. नानासो करतील."

साहेबांनी चमकून बघितलं. पण कीर्तन सुरू झाल्यावर उठून जायचं नसतं, हे या मुलखात तान्ह्या पोरालाही कळतं. मागं दाटीवाटीनं माणसं. वाट नव्हती.

नानासोंनी आधी वहीतली दोन पानं वाचली. मग म्हणाले, "त्या दिवशी तुमची टाळी ऐकून मी आनंदानं रडलो. देव आला असं लिहिलं. मला माफ करा. तुमचे हात उठले, कारण तुमच्या दंडात मिठाचं पाणी होतं. आणि ते नाथाजीनं भरलं नव्हतं." मग त्यांनी पत्र वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. सहीचं नाव मात्र वाचलं नाही.

खांबाआडून लालासाहेब पुढं आले आणि लोकांपुढं पालथे पडले. "पाणी मी भरलं. आणि नाथाजीला मीच अडकू दिलं."

कुणीतरी काठी उगारली. हरणाबाईनं हातानं ती खाली केली. कागदाकडं बोट दाखवून ती पहिल्या रांगेला म्हणाली, "त्यानं भरलं, त्ये कळलं. पर ज्यानं भराय लावलं, त्याचं नाव का वाचलं न्हाई? आवं सायेब, तुमी शिकलंसवरल्यालं. बघा वाईच. ही सही कुणाची?"

साहेबांच्या कपाळावरचा बुक्का घामानं ओघळला. ते खाली बघून म्हणाले, "माझी."

तेवढाच एक शब्द. पण तो अडीचशे माणसांनी ऐकला होता. अडीचशे माणसं फायलीत बंद करता येत नाहीत.

पुढं जे झालं ते सरकारी रीतीनं झालं. अहवाल पत्रासकट मुंबईला गेला. लालासाहेबांनी गुन्हा कबूल केला आणि ते शिक्षेला गेले. साहेबांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली, एवढंच. त्यांना त्या एका शब्दापलीकडं कुणी काही विचारलं नाही. नानासोंनी तीन अर्ज केले. पोच आली, उत्तर आलं नाही.

नाथाजी मात्र गुरुवारी सुटला. शुक्रवारी तो खऱ्या औषधाची पेटी घेऊन तांबजाईच्या देवळापुढं बसला. समोर सगळं गाव, आणि कुणी पुढं येईना. तेवढ्यात हरणाबाई काठी टेकत आली, त्याच्या पुढ्यात बसली आणि पदर सारला.

"टोच रं. मनूच्या जागी मी हाय आज."

नाथाजीला सुई दिसेना, इतके डोळे भरले. म्हातारीनंच त्याचा हात धरून आपल्या दंडावर टेकवला. तिच्यामागं नानासो बसले. मग एकेक करत सगळं गाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबाबुवा पुन्हा उभे राहिले. त्यांनी गजर उचलला, दोन्ही हात आभाळाकडं नेले. समोर माणसं ताप भरल्या डोळ्यांनी, दंड धरून बसली होती. कण्हण्याचा आवाज तेवढा येत होता. एकही हात वर आला नाही.

बुवांनी ते बघितलं, आणि गजर म्हणता म्हणता आपलेही हात खाली घेऊन जोडले. पखवाज मुका होता, कारण नाथाजीही टोचून घेऊन बसला होता.

नानासोंनी सुजलेल्या दंडानं कशीबशी वही उघडली आणि वाकड्या अक्षरात लिहिलं:

"तांबजाई. केरबाबुवा. टाळी नाही. देव आला."